बारा हजारांत टॅब का बोर्ड: दाजींच्या रेशीम शेडमधला अनुभव

दाजींनी माझ्या खात्यावर बारा हजार रुपये टाकले आणि फोनवर एवढंच म्हणले, "पोराला कंप्युटरचं काहीतरी घ्या, शिकल असं घ्या, गेम खेळल असं नगं." संपलं. भाचा शाळेसाठी माझ्याकडंच सेलूला राहतो, नववीला आहे, शनिवारी दुपारी आखाड्यावर, म्हणजे दाजींच्या रानातल्या घरी जातो आणि सोमवारी सकाळी परत येतो. मी एका पतसंस्थेत क्लार्क, इंजिनीयर बिंजिनीयर काही नाही, पण संध्याकाळी सोल्डरिंग करत बसायचा नाद आहे त्यामुळं आमच्या सगळ्या पाव्हण्यारावळ्यांत कुठं वायर दिसली की मामाला विचारा असं होऊन बसलंय.

बारा हजारात तीन वाटा होत्या, जुना लॅपटॉप, नवीन टॅब, नाहीतर रास्पबेरी पायसारखा छोटा बोर्ड, म्हणजे एकाच पट्टीवरचा उघडा कंप्युटर. आधीच सांगून टाकतो, नुसतं कोडिंगच शिकायचं असेल आणि घरात जुन्या वस्तूचं वावडं नसेल तर मी आजपण कंपन्यांनी वापरून विकलेला जुना लॅपटॉपच घ्या म्हणेन, कीबोर्ड, स्क्रीन, बॅटरी सगळं एकाच डब्यात येतं आणि वर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) टाकलं की चार-पाच वर्षं मजेत चालतो. पण दाजी म्हणले, "जुनं नगं, त्याची गॅरंटी कोण देणार," आणि तो विषय तिथंच बंद झाला. राहिले दोन.

मग बसलो कागद घेऊन. बोर्ड स्वस्त असतो असं जे सगळीकडं सांगतात ना ते अर्धंच खरं आहे. रास्पबेरी पाय ४ चा २ जीबीवाला बोर्ड साडेचार हजारांच्या आसपास पडत होता, पण तो म्हणजे नुसता एटीएम कार्डाएवढा हिरवा तुकडा, त्याला ५.१ व्होल्ट ३ अँपियरचा ॲडॉप्टर वेगळा, मेमरी कार्ड वेगळं, केस वेगळी, मायक्रो एचडीएमआयची केबल वेगळी (आपल्या घरातली साधी एचडीएमआय त्यात बसत नाही), कीबोर्ड माऊस वेगळा, आणि एवढं सगळं घेऊन सात हजारापर्यंत गेलं तरी स्क्रीन अजून आलेलीच नाही. स्क्रीन म्हणजे घरातला टीव्ही. संध्याकाळी सात ते दहा टीव्ही माझ्या आईचा, त्यात कुणी बोलायचं नाही. म्हणजे पोरगं शाळेतून येणार, जेवणार, आणि दहा वाजता कोडिंग शिकायला बसणार? जमत नाही.

टॅब सात-साडेसात हजारात सगळ्यासकट येतो, डबा फोडला की चालू. म्हणून आधी टॅब घेतला, उरलेले पैसे बाजूला ठेवले.

पहिले काही आठवडे लई भारी गेले. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल म्हणून प्रकल्प आहे, त्यात लिनक्स, पायथन (प्रोग्राम लिहायची भाषा) वगैरेचे छोटे छोटे व्हिडिओ आहेत आणि त्यातले बरेच मराठीत डब केलेले आहेत, ते मी त्याला लावून दिले. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि शिकवायची पद्धत अशी की व्हिडिओ थांबवायचा, स्वतः टाईप करायचं, पुढं जायचं. पायड्रॉइड म्हणून ॲप टाकलं, त्यात पायथन थेट टॅबवर चालतं, इंटरनेट पण लागत नाही. पाढे छापणारा प्रोग्राम झाला, आकडा ओळखायचा खेळ झाला. पण काचेवर कोड टाईप करायचा म्हणजे शिक्षा आहे बगा, पायथनमध्ये डावीकडची मोकळी जागा बरोबर पाहिजे आणि टॅबचा कीबोर्ड अर्धी स्क्रीन खाऊन टाकतो, कंस आणि कोलन शोधायला तीन वेळा पान बदलायचं. मग ओटीजीची (टॅबला कीबोर्ड वगैरे जोडायची) पिन लावून माझा जुना कीबोर्ड जोडला तर तेवढं सुटलं, पण टॅबला यूएसबीचं भोक एकच, कीबोर्ड लावला की चार्जिंग बंद. आणि वीस मिनिटं झाली की वरून नोटिफिकेशन येतं आणि पोरगं रीळ बघत बसतं. त्याला दोष देत नाही, मी पण तेच करतो.

तरी खरी अडचण वेगळीच निघाली, ती आखाड्यावर.

दाजींचं एकरभर तुतीचं रान आहे आणि शेजारी रेशमाचं शेड. आपल्याकडं आता बऱ्याच जणांनी हे सुरू केलंय, पूर्वी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं, आता जालन्याला कोष बाजार झाल्यामुळं सोपं झालं. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, रेशमाची अळी लई नाजूक असते, शेवटच्या टप्प्यात तिला साधारण २४ ते २६ डिग्री तापमान आणि ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते, आणि आमच्या परभणी जिल्ह्यात फेब्रुवारीत दुपारी चौतीसपर्यंत जातं आणि पहाटे हुडहुडी भरते. शेडमध्ये एक ओला-कोरडा थर्मामीटर टांगलेला आहे, दाजी सकाळ-संध्याकाळ बघतात आणि वहीत लिहितात. पण रात्री दोन वाजता, पहाटे चार वाजता किती उतरतं ते कुणालाच माहिती नव्हतं, कारण त्या वेळी उठून शेडमध्ये जाणार कोण?

एका शनिवारी भाच्यानं टॅब शेडमध्ये नेऊन ठेवला. मला फोन, "मामा, टॅबला टेंपरेचर कळतंय, मी रात्रभर लिहून घेतो." टर्मक्स नावाचं ॲप असतं, अँड्रॉइडच्या आत छोटं लिनक्स देतं, त्यात एक कमांड मारली की बॅटरीची माहिती येते, त्यात टेंपरेचर पण असतं. पोरानं दर पाच मिनिटांनी ते फाईलमध्ये लिहायचा प्रोग्राम केला होता, स्वतः, कुणी सांगितलं नव्हतं. मला तर लई आनंद झाला. पण ते तापमान बॅटरीचं, हवेचं नाही. स्क्रीन चालू असली की सदतीस, चार्जिंगला लावला की चाळीस, आणि बाहेर थंडी पडलेली. शिवाय रात्री साडेअकरानंतर फाईलच कोरी, कारण स्क्रीन बंद झाल्यावर बॅटरी वाचवायला अँड्रॉइड मागं चाललेलं काम बंद करून टाकतं. बॅटरी सेव्हिंगमधून टर्मक्सला सूट देता येते, वेक लॉक लावता येतो म्हणजे टॅब झोपत नाही, आम्ही ते सगळं केलं, मग फाईल रात्रभर भरली. पण भरली कशानं, तर बॅटरीच्या तापमानानं.

टॅबला कॅमेरा आहे, माईक आहे, हलवलेलं कळतं, पण हवेचं तापमान मोजायला त्यात काही नाही आणि बाहेरून वायर जोडायला पिन नाही. यूएसबीतून आर्डुइनो (सेन्सर लावायचा छोटा बोर्ड) जोडता येतो, पण रूट केल्याशिवाय, म्हणजे टॅबचा पूर्ण ताबा घेतल्याशिवाय, टर्मक्सला ते पोर्ट दिसत नाही, आलेलं रीडिंग वाचायला वेगळं सीरियल टर्मिनलवालं ॲप लागतं, आणि मग परत चार्जिंगचा तोच प्रश्न, भोक एकच. रूट करावं म्हणलं तर या टॅबचा बूटलोडर (सिस्टीम चालू करणारा आतला प्रोग्राम) लॉक. म्हणजे वस्तू आपली, पैसे आपले, पण आतलं कुलूप दुसऱ्याचं.

इथं थोडं इकडंतिकडं जातो. मला टॅब म्हणलं की आकाशच आठवतो. ५ ऑक्टोबर २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बलांनी दिल्लीत आकाश टॅब्लेट आणला होता, ७ इंची, दाबून दाबून चालवायचा रेझिस्टिव्ह स्क्रीन, अँड्रॉइड २.२, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम, आणि ३५ डॉलरमध्ये विद्यार्थ्याला असा सगळा गाजावाजा. पुढच्या वर्षी आकाश २ आला, त्याचं काम आयआयटी मुंबईकडं होतं. आणि गंमत बघा, पहिल्या आकाशनंतर पाच महिन्यांच्या आत, २९ फेब्रुवारी २०१२ ला इंग्लंडमध्ये पहिला रास्पबेरी पाय विकायला आला, तो पण ३५ डॉलर आणि त्यात पण २५६ एमबीच रॅम! आकाशचं नाव काही वर्षांत कुणी काढेनासं झालं आणि पायवाली कंपनी जून २०२४ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात गेली. सरकारी योजना आणि कंपनी यांची तुलना करणं बरोबर नाही हे मला कळतं, पण एक फरक मला तेव्हापासून दिसतो. आकाश पोराच्या हातात द्यायचा म्हणून केला होता, त्यावर पोरगं वाचणार, बघणार. पाय केला एबेन अप्टन आणि मंडळींनी, केंब्रिजला कंप्युटर सायन्सला येणारी पोरं कमी झाली आणि आलेल्यांना प्रोग्रामिंगचा हातच नाही हे बघून, कारण ऐंशीच्या दशकात पोरांकडं बीबीसी मायक्रोसारखी मशीन असायची, चालू केली की थेट प्रोग्राम लिहा, आणि नंतर घरात आला तो महागाचा पीसी, त्याला पोरांनी हात लावून बिघडवला तर बाप ओरडणार.

हे मला अगदी पटतं कारण माझ्याकडं लॅपटॉप आहे. ऑफिसचा आहे, त्यात सभासदांची खाती आहेत, आणि त्यावर भाच्याला बसू द्यायची माझी हिंमत नाही.

तर उरलेल्या पैशांत थोडे माझे घालून पाय ४ घेतला. केस, कार्ड आणि कीबोर्ड माझ्या खोक्यात पडलेले होते, म्हणून बोर्ड आणि ॲडॉप्टर एवढंच मागवलं. ॲडॉप्टर घेताना दाजी फोनवर म्हणत होते, "चार्जर तर हाय की घरात, कामून आणखी सातशे घालता." ते रास्त वाटतं पण तसं होत नाही. आधी ॲडॉप्टर यायला उशीर झाला म्हणून दोन दिवस आम्ही घरातल्याच मोबाईल चार्जरवर बोर्ड चालवून बघितला, तर स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह येऊन बसायचं. बोर्डावर व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की ते येतं आणि बोर्ड स्वतःचा वेग कमी करतो. पातळ केबलमध्येच व्होल्टेज पडतं, चार्जरवर ५ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी बोर्डापर्यंत तेवढं पोचत नाही. खरा ॲडॉप्टर आला आणि ते चिन्ह गेलं, परत दिसलं नाही.

टीव्हीचा प्रश्न टॅबनं सोडवला. मेमरी कार्डावर सिस्टीम टाकतानाच, ती टाकायच्या इमेजर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये वायफायचं नाव, पासवर्ड आणि एसएसएच (लांबून दुसऱ्या मशीनवर कमांड मारायची सोय) चालू असं भरून देता येतं, मग बोर्डाला स्क्रीन लागतच नाही. राउटरच्या पानावर जाऊन बोर्डाचा आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता शोधला (नावानं काही टॅबला सापडेना), टर्मक्समधून एसएसएच मारलं आणि टॅबवर बोर्ड उघडला. ओटीजीवर कीबोर्ड, समोर टॅब, आणि खरा कंप्युटर कपाटावर राउटरच्या शेजारी. आई टीव्ही बघायली आणि पोरगं बाजूला बसून लिनक्स चालवायलं, घरात कुणाला कुणाचा त्रास नाही. टॅब घेतला ते वाया गेलं नाही असं मला पहिल्यांदा त्या दिवशी वाटलं.

आणि बिघडवायची गोष्ट. तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळीच भाचा म्हणला, "मामा, सगळं पुसून टाकायची कमांड असती म्हणं, मारून बगू का?" मी म्हणलो मार. मारली. बोर्ड थोडा वेळ तसाच चालत राहिला, मग एक एक कमांड सापडेनाशी झाली, फायलींची यादी दाखवणारी एलएस सुद्धा चालेना, पोराचे डोळे मोठे झाले. "आता वो?" आता काही नाही, कार्ड काढायचं, लॅपटॉपवर परत लिहायचं, अर्ध्या तासात नवं. टॅबवर हे करता आलं नसतं आणि करू पण दिलं नसतं. त्या अर्ध्या तासात तो जे शिकला ना, की सिस्टीम म्हणजे फक्त फायली आहेत आणि त्या परत टाकता येतात, ते मला स्वतःला कॉलेज संपेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

मग बोर्ड आखाड्यावर गेला. तापमान आणि आर्द्रता मोजणारा डीएचटी२२ सेन्सर लावला, तापमान अर्ध्या डिग्रीच्या फरकानं दाखवतो, निळ्या रंगाचा डीएचटी११ स्वस्त आहे पण त्यात दोन डिग्रीचा फरक म्हणजे अळ्यांसाठी काही कामाचा नाही. वायर तीनच, पण ३.३ व्होल्टवर लावायचा, कारण पायच्या पिनेवर ५ व्होल्ट गेले तर पिन जळते, हे मी त्याच्याकडून वहीत लिहून घेतलं.

रीडिंग यायला लागलं पण मधूनमधून चुकायचं. चार बरोबर, एक रिकामं. वायर बघितली, रेझिस्टर बदलला, सेन्सर बदलला, तेच. मग वाचून कळलं की हा सेन्सर एकाच वायरवरून शून्य आणि एक असे पाठवतो, वर गेलेला सिग्नल २६-२८ मायक्रोसेकंद टिकला तर शून्य, ७० टिकला तर एक. एवढं बारीक मोजताना लिनक्स मध्येच दुसऱ्या कामाला गेलं की मोजणी हुकते. पायमध्ये काही बिघाड नाही, मागं शंभर कामं चालणारी सिस्टीम अशीच वागणार. प्रोग्राममध्ये 'चुकलं तर दोन सेकंदांनी परत विचार' एवढं टाकलं आणि निभावलं.

लाईटीचं मात्र निभावेना. आखाड्यावर लाईट कधी जाते कधी येते त्याचा काही नेम नाही. टॅबला त्याचं काहीच नाही, पोटात बॅटरी आहे. बोर्डाचा जीव तिथंच जातो. कार्डावर लिहिणं चालू असताना करंट गेला की फाईल अर्धवट राहते, आणि एका सोमवारी कार्ड चालूच होईना, काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत ओळीच ओळी. कार्ड रीड-ओन्ली ठेवायची सोय सेटिंगमध्ये आहे, ओव्हरले म्हणतात, ती लावली, नोंदी वेगळ्या पेनड्राईव्हवर. पॉवर बँक लावून बघितली तर लाईट गेली-आली की ती क्षणभर आउटपुट तोडते, तेवढ्यात बोर्ड रीस्टार्ट.

आणि वेळेचा घोळ तर विचारूच नका. दाजी वहीसारखी यादी बघायला बसले आणि म्हणले, "हे काय वो, तीन वाजून सतरा मिनिटं दोनदा कशी वाजायलीत?" पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते, तो वेळ इंटरनेटवरून घेतो, आणि आखाड्यावर इंटरनेट कुठलं. मग करंट आल्यावर शेवटी जी वेळ लिहून ठेवलेली असते तिथूनच तो परत मोजायला लागतो, मधले दोन तास गायब. पाय ५ मध्ये घड्याळ दिलंय, बॅटरी तेवढी वेगळी लावायची. पाय ४ ला डीएस३२३१ नावाचं घड्याळाचं छोटं मॉड्यूल येतं, शे-दीडशे रुपयांचं, त्यात नाण्यासारखा सेल असतो. ते मी मागवायच्या बेतात होतो.

पण तोपर्यंत माझ्या डोक्यात दुसरंच यायला लागलं होतं. तीन वायरींच्या सेन्सरनं तापमान मोजायला चार कोअरचा प्रोसेसर, २ जीबी रॅम, आख्खं लिनक्स, आणि त्याला सांभाळायला घड्याळ, बॅटरी, ओव्हरले, हे सगळं कशासाठी? शेडमध्ये चुन्याची भुकटी टाकतात, बॅच संपली की निर्जंतुकीकरणाची फवारणी होते, तिथं साडेचार हजाराचा बोर्ड ठेवायला माझं मन होईना. खोक्यात ईएसपी३२ नावाचा एक छोटा बोर्ड पडलेला होता, चारशेच्या आतबाहेर मिळतो, त्यात वायफाय आहे, लिनक्स नाही, चालू केला की एकच प्रोग्राम चालवतो आणि करंट गेला तर गेला, बिघडण्यासारखं त्यात कमीच आहे. त्याच्यावर मायक्रोपायथन हे पायथनचं छोटं रूप चालतं, म्हणजे भाच्यानं पायवर शिकलेलं पायथन जवळपास तसंच चालतं, आणि पायवर थॉनी नावाचा एडिटर आधीच टाकलेला असतो त्यातून थेट ईएसपीवर प्रोग्राम टाकता येतो. थॉनीपुरता पाय टीव्हीला लावला, दुपारी, आईची झोपायची वेळ बघून.

करंटसाठी दाजींनीच तोड काढली. "फवारणीच्या पंपाची बॅटरी हाय की, सध्या फवारणी कुठं चालू हाय." १२ व्होल्ट ८ अँपियर-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) बॅटरी, तिला गाडीत लावायचा मोबाईल चार्जर जोडला, १२ चे ५ व्होल्ट झाले. भाच्याला मी गणित करायला लावलं. पाय ४ नुसता बसून राहिला तरी तीन वॅटच्या आसपास खातो, म्हणजे ही बॅटरी एक दिवस, फार तर थोडं जास्त. ईएसपी वायफाय चालू ठेवून अर्ध्या-पाऊण वॅटमध्ये भागवतो, म्हणजे चार-पाच दिवस, आणि तेवढ्यात कधीतरी लाईट येतेच, बॅटरी परत भरते. अँपियर-अवर म्हणजे काय हे पंपाच्या बॅटरीवर करून बघितल्यावर त्याला परत सांगावं लागलं नाही.

वेळेसाठी जी युक्ती निघाली ती आख्खी भाच्याची. ईएसपी स्वतःचं वायफाय सोडतो, टॅब त्याला जोडायचा, ब्राउझरमध्ये पान उघडायचं, रात्रभराचा आलेख दिसतो. तर भाचा म्हणला, "मामा, टॅबला तर टाईम माहिती असतो ना, मग पान उघडलं की टॅबनंच त्याला टाईम सांगायचा." मला ते सुचलं नव्हतं. पानात दोन ओळींचं जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्राम) टाकलं, पान उघडलं की टॅबची वेळ ईएसपीला जाते आणि तो तिथून पुढं मोजतो. दिवसाकाठी थोडा फरक पडतो, पण दाजी रोज सकाळी पान उघडतातच. घड्याळाचं मॉड्यूल मागवायचं राहूनच गेलं.

पहिल्या रात्रीच्या आलेखानं दाजी गप्प झाले. पहाटे पाचच्या सुमाराला शेडमध्ये सतरा डिग्री. त्यांच्या वहीत सकाळी सातचं रीडिंग असायचं, तोपर्यंत वीसच्या वर आलेलं असायचं. आणि दुपारी दोनला आर्द्रता चाळीसच्या खाली, ते पण कुणी बघत नव्हतं कारण त्या वेळी सगळे जेवून आडवे. तेव्हापासून रात्री उत्तरेच्या बाजूची ताडपत्री पूर्ण खाली सोडायची आणि दुपारी गोणपाट एकदा जास्त भिजवायचं असं सुरू झालं. कोष किती वाढले वगैरे मला विचारू नका, पाला, अंडीपुंज (अळ्यांची अंडी), हवामान सगळंच बदलत असतं, एका बॅचवरून बोलण्यात काही अर्थ नाही.

त्यानंतर दाजींनी तुतीच्या रानातला ओलावा मोजायचं काढलं. तिथं परत पाय अडतो, त्याला कमीजास्त होणारं व्होल्टेज मोजणारी ॲनालॉग पिनच नाही, एमसीपी३००८ सारखी वेगळी चिप लावावी लागते. ईएसपीला ती पिन आहे, सेन्सर थेट जोडला. मात्र ते स्वस्तातले दोन दातांचे सेन्सर आमच्या काळ्या रानात महिनाभरात गंजतात, कपॅसिटिव्हवाले (उघडा धातू मातीला न लागणारे) घ्या आणि त्यांच्या वरच्या टोकाला नेलपॉलिश लावा. अक्काचं, म्हणजे भाच्याच्या आईचं घेतलं आम्ही.

आता मला गल्लीतले दोघंतिघं विचारायलेत की पोराला काय घेऊ. मी उलट विचारतो की पोराला काय करायचंय आणि घरात काय आहे. घरात स्क्रीन, कीबोर्ड पडून असेल तर बोर्ड घ्या, नसेल तर बोर्डाच्या नादाला आत्ताच लागू नका. घरात मोठ्यांचा फोन पोराला मिळत असेल तर वेगळा टॅब कशाला, तो चारशेचा ईएसपी आणि एक सेन्सर आणून द्या, त्यात सहा महिने जातात. आणि पाय घ्यायचाच तर बोर्डाच्या किमतीवर दोन-अडीच हजार वेगळे धरा. एकाला मी हे सांगितलं तर तो म्हणला इतकं कुणी लक्षात ठेवायचं, मी टॅबच घेतो. घेतला. पोरगं कार्टून बघतंय.

आमच्याकडं टॅब दिवसा दाजींकडं असतो आता, आलेख बघायला, आणि जालन्याचे कोषाचे भाव बघायला पण. पाय सेलूला कपाटावर चालू आहे, भाचा दहावीचं वर्ष सुरू व्हायच्या आत त्यावर छोटी वेबसाईट करायची म्हणतोय. दाजींना पुढचं पाहिजे, आर्द्रता साठच्या खाली गेली की फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र) आपोआप सुरू व्हायला पाहिजे. ईएसपीला रिले (छोट्या करंटवर मोठी लाईन चालू-बंद करणारा स्विच) लावून ते होतं, प्रोग्राम तर भाच्यानं लिहून पण ठेवलाय, एका छोट्या बल्बवर चालवून दाखवला. पण २३० व्होल्टच्या लाईनीला पोराचा हात लागू द्यायचा नाही असं अक्कानं आणि मी ठरवलंय, रिलेच्या पुढची वायरिंग गावातला वायरमनच करणार, आणि तो सध्या लग्नाच्या मांडवांच्या लाईटिंगमध्ये अडकलाय, मोकळा झाला की बघू.